निवास-न्याहारीच्या घरात अडकलेलं ओळखपत्र आणि न मिळालेला परतावा

प्रश्न: मी आणि माझी आई पहिल्यांदाच हॉटेलऐवजी निवास-न्याहारीच्या घरात उतरलो. एका संकेतस्थळावरून तीन रात्रींचं बुकिंग केलं आणि सगळे पैसे आधीच भरले. माहितीत ‘खोलीला जोडून स्वतंत्र बाथरूम’ असं लिहिलं होतं. आईचे गुडघे दुखतात, म्हणून तेवढं बघूनच मी ही जागा निवडली. पोहोचायला रात्र झाली. दारातच मालकीणबाईंनी आमची मूळ मतदार ओळखपत्रं ठेवून घेतली आणि रजिस्टरवर सही घेतली. त्या पानावर छापलं होतं, ‘खोली पाहिली, पसंत आहे, कोणत्याही तक्रारीस मालक जबाबदार नाहीत.’ खोली त्यानंतर दाखवली. बाथरूम जिना उतरून खाली, घरच्यांसकट सगळ्यांना मिळून एकच. तेवढ्या रात्री दुसरीकडे जाणं शक्य नव्हतं. सकाळी विषय काढला, तर ‘पटत नसेल तर दुसरीकडे बघा’ असं उत्तर मिळालं. आम्ही बॅगा भरल्या, तेव्हा गादीवर डाग पाडला म्हणून नव्या गादीचे पैसे मागितले आणि ते दिल्याशिवाय ओळखपत्रं मिळणार नाहीत म्हणाल्या. डाग आमचा नव्हता. पण आई रडकुंडीला आली होती, म्हणून मी यूपीआयने पैसे देऊन टाकले. नंतर उरलेल्या दोन रात्रींचे पैसे परत मागितले, तर मेसेज आला, ‘तुम्ही स्वतःहून गेलात. बुकिंग नॉन-रिफंडेबल आहे. बाथरूम कॉमन आहे हे तुम्हाला आल्यावर सांगितलं होतं.’ संकेतस्थळवाले म्हणतात, आमचा संबंध फक्त बुकिंगपुरता. बाई एरवी वाईट नव्हत्या, सकाळी आईला स्वतः गरम पाणी आणून दिलं. त्यांच्याच घरात राहून त्यांच्याविरुद्ध तक्रार करणं योग्य होईल का? आणि सही केल्यावर ती करता येते का?

उत्तर: ताई, तक्रार करता येते, आणि ती तुम्ही करावी असं माझं स्पष्ट मत आहे.

तुमच्या मनातला संकोच मला कळतो. हॉटेलच्या काउंटरवर भांडताना जे वाटत नाही, ते कुणाच्या तरी घरात, त्यांच्या माणसांसमोर बोलताना वाटतं. पण तुम्ही तिथे नातेवाईक म्हणून गेला नव्हतात. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये ‘सेवा’ कशाला म्हणायचं हे कलम २(४२) मध्ये सांगितलं आहे आणि त्यात राहण्याची, जेवणाची किंवा दोन्हींची सोय हे शब्द थेट आलेले आहेत. वगळलेली आहे ती फुकट दिलेली सेवा. त्यामुळे ‘हे आमचं राहतं घर आहे, हॉटेल नाही’ हा बचाव टिकत नाही. खोल्या दोन असोत की वीस, पैसे घेऊन मुक्काम दिला की देणारा सेवा पुरवठादार आणि राहणारा ग्राहक. बाईंनी गरम पाणी दिलं हा त्यांचा चांगुलपणा, तो तुम्ही तक्रारीतही प्रामाणिकपणे लिहा. त्याने ना त्यांची जबाबदारी कमी होते, ना तुमचा हक्क.

आता सहीकडे येऊ, कारण तुम्हाला सगळ्यात जास्त भीती तिचीच वाटते आहे.

तुमचा करार त्या रजिस्टरवर झालेलाच नाही. तुम्ही माहिती वाचली, पैसे भरले आणि बुकिंग पक्कं झाल्याचा ईमेल आला, त्याच क्षणी करार पूर्ण झाला. स्वतंत्र बाथरूम हा त्या कराराचा भाग होता. पैसे पूर्ण घेऊन झाल्यावर, रात्री, दारात, खोली दाखवण्याआधी पुढे केलेल्या कागदाने तो भाग खोडता येत नाही. शिवाय न पाहिलेली खोली ‘पाहिली, पसंत आहे’ असं त्यात लिहिलेलं आहे. ते वाक्य छापील आहे, म्हणजे प्रत्येक पाहुण्याकडून तीच सही घेतली जाते, हेही ग्राहक आयोगाच्या, म्हणजे अशा तक्रारी ऐकणाऱ्या यंत्रणेच्या, नजरेत येईल. जबाबदारी झटकणाऱ्या अशा छापील ओळींकडे न्यायालयं कशी पाहतात याचं एक उदाहरण देतो. दिल्लीतल्या एका हॉटेलच्या ताब्यात दिलेली पाहुण्याची गाडी चोरीला गेली. पार्किंगच्या टॅगवर जोखीम पाहुण्याची असल्याचं छापलेलं होतं. १४ नोव्हेंबर २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हॉटेललाच जबाबदार धरलं. स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी अशी एका ओळीत पुसून टाकता येत नाही, हे तत्त्व तिथे मान्य झालं. तुमची बाब वेगळी आहे, पण ‘कोणत्याही तक्रारीस मालक जबाबदार नाहीत’ या ओळीला किती किंमत द्यायची, हे त्यावरून समजेल.

‘नॉन-रिफंडेबल’चंही तसंच. ती अट पाहुण्याचा बेत बदलला तर लागू करण्यासाठी असते. इथे कबूल केलेली गोष्ट आधी मालकांनी दिली नाही. ज्याने करार आधी मोडला, त्याला त्याच करारातल्या अटीच्या आधारे पैसे अडवून ठेवता येत नाहीत.

‘तुम्ही स्वतःहून गेलात’ हा त्यांचा त्यातल्या त्यात बरा मुद्दा आहे, म्हणून त्याची तयारी ठेवा. अशा खोलीत राहणारा माणूस भाडेकरू नसतो. त्याचा हक्क लीव्ह अँड लायसन्समधल्या लायसन्ससारखा असतो, जागा वापरण्यापुरता. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ चं कलम ६४ सांगतं की मोबदला देऊन घेतलेलं लायसन्स पूर्ण उपभोगण्याआधी, स्वतःचा दोष नसताना, माणसाला बाहेर काढलं, तर त्याला भरपाई मागता येते. ‘पटत नसेल तर दुसरीकडे बघा’ हे बाहेर काढणं आहे की नुसतं वैतागाचं बोलणं, यावर वाद होईल. हे वाक्य तोंडी आहे आणि ते ऐकणाऱ्या तुम्ही दोघीच. म्हणून आईलाही तक्रारदार करा. पैसे तुम्ही भरले असले, तरी तुमच्या संमतीने सेवा घेणारी व्यक्तीही कायद्याने ग्राहक आहे. त्यांचं वेगळं प्रतिज्ञापत्र आलं की तुमच्या म्हणण्याला दुसरा आधार मिळतो. त्या दिवशी तुम्ही घरच्या कुणाला फोनवर किंवा मेसेजमधून हे सांगितलं असेल, तर तो मेसेजही शोधून ठेवा.

खरं सांगायचं तर तुमचा सगळ्यात भक्कम पुरावा बाईंनीच तुम्हाला लिहून दिला आहे. त्यांचा मेसेज पुन्हा वाचा: ‘बाथरूम कॉमन आहे हे तुम्हाला आल्यावर सांगितलं होतं.’ बाथरूम सामायिक होतं, हे त्यात कबूल आहे. आणि ते ‘आल्यावर’ सांगितलं, म्हणजे पैसे घेताना सांगितलं नव्हतं, हेही कबूल आहे. समोर दिलेली माहिती वेगळी आणि प्रत्यक्ष सोय वेगळी, हे यापेक्षा सोप्या शब्दांत मलाही मांडता आलं नसतं. हा मेसेज पुसू नका, फोन बदलायचा असेल तर आधी त्याचा बॅकअप घ्या. आणि आज, हे वाचून झाल्यावर लगेच, संकेतस्थळावरच्या त्या जागेच्या पानाचे तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट काढा. अशी पानं तक्रारीनंतर बदललेली मी पाहिली आहेत. पान आधीच बदललं असेल तर बुकिंगचा ईमेल बघा, त्यात सोयींची यादी बहुतेक वेळा असते. हे सगळं आयोगापुढे देताना भारतीय साक्ष अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक नोंदीचं प्रमाणपत्र जोडा, म्हणजे त्यावर आक्षेपाला जागा राहत नाही.

आता ओळखपत्रांबद्दल. तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट हीच आहे. पाहुण्याची ओळख पटवून रजिस्टरमध्ये नोंद करणं रास्त आहे. त्यासाठी मूळ कार्ड बघून परत द्यायचं असतं, फार तर प्रत घ्यायची. मूळ कार्ड ठेवून घ्यायचा अधिकार त्यांना नव्हता, आणि पैशांसाठी ते अडवण्याचा तर मुळीच नव्हता. येणं बाकी आहे म्हणून दुसऱ्याची वस्तू रोखून धरायचा सर्वसाधारण हक्क करार कायदा, १८७२ च्या कलम १७१ मध्ये मोजक्या व्यावसायिकांना दिला आहे. त्यात बँकर आहेत, वकील आहेत, मुक्कामाची सोय देणारे नाहीत. याच कायद्याचं कलम १५ कुणाची मालमत्ता बेकायदा अडवून त्याला काही कबूल करायला लावणं ही जबरदस्ती मानतं. आणि कलम ७२ म्हणतं की जबरदस्तीमुळे दिलेला पैसा घेणाऱ्याने परत केला पाहिजे. त्या कलमाखाली कायद्यानेच एक उदाहरण दिलं आहे: रेल्वे कंपनी बेकायदा आकार भरल्याशिवाय माल देत नाही, माल सोडवून घ्यायला माणूस तो भरतो, तर जादा घेतलेली रक्कम त्याला परत मिळते. मालाच्या जागी ओळखपत्रं ठेवा, तुमचीच हकीकत आहे. तेव्हा ‘मी पैसे भरले म्हणजे डाग कबूल केला’ ही चिंता मनातून काढून टाका.

गादीबद्दल एक गोष्ट मात्र आधीच सांगायला हवी. डाग जुना होता हे सिद्ध करणारं तुमच्याकडे काही दिसत नाही. पोहोचल्यावर काढलेला फोटो असला, तरी त्यात गादीवर चादर असणार. पण नुकसान झालं असं म्हणणाऱ्यानेच ते दाखवायचं असतं. बाईंनी गादी बदलली का, कितीला घेतली, त्याची पावती आहे का, हे विचारा. शिवाय डाग तुमच्यामुळे पडला असं क्षणभर धरलं, तरी वापरलेल्या गादीवरच्या डागाची भरपाई म्हणजे नव्या गादीची पूर्ण किंमत होत नाही. करार कायद्याचं कलम ७३ प्रत्यक्ष झालेल्या नुकसानापुरतीच भरपाई देतं.

या प्रकारात पोलिसांत फौजदारी तक्रार करावी असं काही जण सुचवतील. ओळखपत्रं अजून त्यांच्याकडे असती, तर मीही ११२ ला फोन करायला सांगितलं असतं. आता ती हातात आहेत. तुम्हाला पैसे परत हवे आहेत आणि त्याचा रस्ता ग्राहक आयोगातून जातो. फौजदारी प्रकरणात तुमचीच फरफट होईल.

पहिलं पाऊल संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार. ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे त्यांना असा अधिकारी नेमावाच लागतो, त्याने ४८ तासांत पोच द्यायची आणि एका महिन्यात तक्रार निकाली काढायची असते. सोबतच राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर नोंद करा. पुष्कळ तक्रारी तिथेच मिटतात, कारण कंपन्यांना प्रकरण आयोगापर्यंत न्यायचं नसतं. ते घर पर्यटन विभागाकडे नोंदणीकृत असेल, तर एक प्रत तिकडेही पाठवा.

त्याच वेळी मालकीणबाई आणि संकेतस्थळ दोघांच्या नावे स्पीड पोस्टने आणि ईमेलने नोटीस द्या, पंधरा दिवसांची मुदत घाला. नोटीस तुम्ही स्वतः लिहू शकता. घडलं तसं तारीखवार लिहा, विशेषणं टाळा. मागणी नेमकी असू द्या: दोन रात्रींचे पूर्ण पैसे, गादीचे पूर्ण पैसे, पहिल्या रात्री कबूल केलेली सोय मिळाली नाही म्हणून त्या रकमेचा काही भाग, मानसिक त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च. त्या दोन रात्री दुसरीकडे जास्त पैसे देऊन राहिला असाल, तर तो फरकही मागा, पावती जोडून. पहिल्या रात्रीचे सगळे पैसे मागू नका, असं मी सुचवेन. त्या खोलीत तुम्ही झोपलात, आणि वाजवी मागणी करणाऱ्या तक्रारदाराचं म्हणणं आयोग अधिक सहानुभूतीने ऐकतो.

नोटिशीला उत्तर आलं नाही, किंवा उडवाउडवीचं आलं, तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगात जा. त्यासाठी त्या गावाला खेटे घालायची गरज नाही. २०१९ च्या कायद्याने तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता, तिथल्या आयोगात तक्रार करायची मुभा दिली आहे. दिलेला मोबदला ५ लाख रुपयांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार ऑनलाइन दाखल होते आणि दूरदृश्य पद्धतीने सुनावणी मागता येते, गुडघेदुखीच्या आईसाठी ही मागणी आधीच करा. मुदत दोन वर्षांची आहे, पण तोवर थांबू नका.

तक्रारीचा मसुदा करताना एक काळजी घ्या. ‘सेवेतील त्रुटी’ आणि ‘अनुचित व्यापारी प्रथा’ हे शब्द वापरा. ‘अनुचित करार’, म्हणजे कराराच्या अटीच ग्राहकावर अन्याय करणाऱ्या आहेत, हा मुद्दा मुख्य करू नका, कारण तो ऐकण्याचा अधिकार कायद्याने राज्य आयोगाला आणि राष्ट्रीय आयोगाला दिला आहे. जिल्हा आयोगापुढे तो घेतला, तर समोरचा वकील अधिकारक्षेत्राचा वाद काढून महिनोन्‌महिने घालवेल.

किती मिळेल? माझ्या अंदाजाने दोन रात्रींचे पैसे आणि गादीचे पैसे मिळायला हवेत. त्रासाची भरपाई मिळाली तर माफकच असेल. कायद्यात लवकर निकालाची अपेक्षा असली, तरी प्रत्यक्षात वेळ जास्त लागतो. आयोग मध्यस्थी सुचवेल, तेव्हा नाही म्हणू नका. बाईंशी समोरासमोर बोलून हे मिटू शकतं असं मला तुमच्या पत्रावरून वाटतं.

दरम्यान त्या जागेबद्दल ऑनलाइन लिहायचं असेल, तर जे घडलं तेवढंच लिहा: माहितीत काय होतं, मिळालं काय, मेसेज काय आला. ‘लुटारू’, ‘फसवे’ असे शब्द आले की अब्रुनुकसानीची नोटीस ओढवून घ्याल. आणि तडजोडीत ‘रिव्ह्यू काढा, मग पैसे देतो’ असा प्रस्ताव आला, तर रक्कम खात्यात जमा होईपर्यंत काहीही काढू नका आणि ‘सर्व देणी मिटली’ अशा कोणत्याही कागदावर सही करू नका.