एलआयसीचे 4 लाख आधी कुणाला द्यायचे?

ताई, तुम्ही लिहिलंय की 2022 ला बार्शीला ब्रेस्ट कॅन्सरची ट्रीटमेंट झाली, तेव्हा दिरानं 3 लाख दिले, भावानं दीड लाख, आणि नणंदेनं स्वतःचं सोनं बँकेत ठेवून पैसे काढून दिले, ते लोन दरवर्षी रिन्यू करत आणलंय आणि आज व्याजासकट 2 लाख 70 हजार आहे. आता एलआयसी मॅच्युअर होऊन 4 लाख आलेत. तुम्हाला ते दीर-भावाला देऊन मोकळं व्हायचंय आणि मालक म्हणायलेत मल्टिस्टेट पतसंस्थेत 12 टक्क्यानं ठेवू.

आधी मल्टिस्टेटचं. नको म्हणजे नकोच. बँकेतल्या ठेवीला 5 लाखापर्यंत विमा असतो, मल्टिस्टेटला नसतो, आणि बीड-संभाजीनगरात ठेवीदारांचे काय हाल चाललेत ते तुमच्या औशापर्यंत आलंच असंल की. हिशोब पण बघा, 2 लाख 70 हजारावर 12 टक्क्यानं वर्षाला 32,400 येणार आणि तिकडं गोल्ड लोनला 10 टक्के धरलं तरी 27,000 जाणार, म्हणजे 5,400 रुपयासाठी सगळी मुद्दल टांगणीला!

दीर-भावाचं वाटणं मला कळतं, घरात रोज तोंडासमोर असतात. पण त्यांच्या पैशाला व्याज नाही, मागणीही नाही. नणंद काही बोलत नाही म्हणून तिचं मागं पडलंय, खरं तर व्याज तिच्याच सोन्यावर चढतंय आणि एखाद्या वर्षी रिन्यू करायचं राहिलं तर लिलावाची नोटीस तिच्याच नावानं येणार. म्हणून आधी सोनं सोडवा.

राहिले 1 लाख 30 हजार. त्यातले 90 हजार तुमच्या एकटीच्या नावावर, बँकेत, लगेच मोडता येईल अशा एफडीत. फॉलोअपची मॅमोग्राफी, गोळ्या, जाणंयेणं (एसटीत बायकांना अर्ध तिकीट आहे तरी खर्च होतोच), हे सगळं त्यातनं. दरवेळी मालकाकडं किंवा दिराकडं मागायला लागलं की बाई तपासणीच पुढं ढकलते, हे मी लई घरात बघितलंय. उरलेले 40 हजार भावाला द्या, बाकी सोयाबीन विकल्यावर दोघांना थोडं थोडं. पण त्यांना द्यायच्या नादात पीक कर्ज थकवू नका, 3 लाखापर्यंतचं मुदतीत भरलं तर बिनव्याजी पडतं.

हेल्थ पॉलिसीचं विचारलंय. एजंट म्हणला कॅन्सरचं लिहू नका, तर त्याला चहा पाजून वाटंला लावा, क्लेम आला की कंपनी जुने रिपोर्ट काढतेच. खरं लिहून मिळाली तर जुन्या आजाराला जास्तीत जास्त 3 वर्षं वेटिंग. तोवर जन आरोग्य योजनेचं 5 लाखाचं कव्हर आहे, रेशनकार्डावर तुमचं नाव आधारसारखंच आहे का तेवढं आजच बघा.

आणि हो, लोन नणंदेच्या नावावर आहे, सोडवायला त्यांनाच सोबत न्या, दागिने पावतीवरच्या वजनाशी तिथंच काउंटरवर ताडून घ्या.