पंप उघडता येतो, आता त्याची वायरही कळू दे

नमस्कार भाऊ,

तुमचं कागल तालुक्यातून आलेलं पत्र वाचलं. मुलानं मेकॅनिकल डिप्लोमा केलाय, शिरोली एमआयडीसीत हायड्रॉलिक पंप दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये जातो आणि संध्याकाळी तेलानं माखून घरी येतो. तुम्ही त्याला पुण्याला सहा महिन्यांच्या कोडिंग कोर्सला पाठवायचं म्हणताय, तर तो 'मला पंपच शिकायचाय' म्हणून अडून बसलाय. माझं मत विचाराल तर पोराला तिथून काढू नका. पण तो नुसता पाना चालवत राहिला, तर तुमची काळजी खरी ठरेल.

तो काय हाताळतोय ते आधी सांगतो. तुमच्या ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकला बहुधा गिअर पंप असतो. इंजिन जेवढं फिरेल तेवढं तेल तो ढकलणार, लागो वा न लागो. मोठ्या मशीनला हे परवडत नाही. २१० बार दाबाला मिनिटाला १०० लिटर तेल म्हणजे ३५ किलोवॅट ताकद. कामाला २० लिटरच लागलं, तर उरलेलं ८० लिटर रिलीफ व्हॉल्व्हमधून, म्हणजे जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेतून, टाकीत परत जातं आणि २८ किलोवॅट नुसते तेल तापवण्यात जातात. म्हणून व्हेरिएबल पंप, म्हणजे लागेल तेवढंच तेल देणारा. त्यात फिरत्या ब्लॉकमध्ये बहुधा नऊ पिस्टन असतात आणि ते एका तिरक्या तबकडीवरून घसरत फिरतात. ही स्वॉशप्लेट जास्त कलली की स्ट्रोक वाढतो, तेल वाढतं. सरळ झाली की तेल जवळपास थांबतं.

जुन्या पंपावर सगळं स्प्रिंग आणि स्क्रूवर चालायचं. आता तिथं सोलेनॉइड आलंय, म्हणजे करंट दिला की व्हॉल्व्ह हलवणारी विजेची कॉइल. २४ व्होल्टच्या कित्येक पंपांत साधारण २०० मिलिअँपिअरला तबकडी हलू लागते आणि ६०० ला पूर्ण कलते. तो करंट किती द्यायचा हे कंट्रोलरमधला प्रोग्रॅम ठरवतो. म्हणजे कोडिंग तुमच्या मुलाच्या पंपापर्यंत आपणच चालत आलंय.

एका फाउंड्रीत मी हे डोळ्यांनी पाहिलं. साचे बनवणारी मोल्डिंग लाइन मंद पडली होती. दोन दिवसांत पंप दोनदा उतरवला, खोलला, पुन्हा चढवला. शेवटी एका पोरानं सोलेनॉइडच्या वायरीत मल्टिमीटर सिरीजमध्ये लावला. ६०० हवे तिथं ३१० दाखवत होता. कनेक्टरची पिन गंजून हिरवी पडली होती, पंपाला काहीच झालं नव्हतं! फिटर वायरीला बिचकतो, इलेक्ट्रिशियन तेलाला. दोन्हीकडे हात घालणारी माणसं फार थोडी आहेत, आणि तुमचा मुलगा त्यांतला एक होऊ शकतो.

त्यासाठी त्यानं सर्किट ड्रॉइंग वाचायला शिकावं, मल्टिमीटर रोज हातात घ्यावा, सोबत पीएलसीचा (मशीन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा) एखादा कोर्स इथंच कोल्हापुरात करावा. पंप कंपन्यांची इंग्रजी मॅन्युअलं रोज दोन पानं वाचावीत. सुरुवातीला जड जाईल, पण ते चुकवून चालणार नाही. अप्रेंटिसशिपची रीतसर नोंदणी झालीय का तेही विचारा, म्हणजे वर्षानंतर सरकारी प्रमाणपत्र हातात येईल. डिग्रीची वाट बंद होत नाही, डिप्लोमावाल्याला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो.

बाप म्हणून एक गोष्ट मात्र त्याला बजावून सांगा. गळती हातानं चाचपायची नाही. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून आलेलं तेल कातडी फोडून आत शिरतं. जखम डास चावल्यासारखी दिसते, पण काही तासांत उपचार झाले नाहीत तर बोट जाण्याची वेळ येऊ शकते. तेव्हा थेट सर्जनकडेच. आणि मोटार बंद केली तरी ॲक्युम्युलेटरमध्ये, म्हणजे दाबाखालचं तेल साठवणाऱ्या भांड्यात, दाब शिल्लक असतो. तो उतरवल्याशिवाय नट सैल करायचा नाही.

सवड काढून एकदा त्याच्याबरोबर वर्कशॉपमध्ये जा. दुरुस्त केलेला पंप टेस्ट बेंचवर चालवून, दाब आणि तेल मोजून बाहेर पाठवतात का, तेवढंच बघा. पाठवत असतील तर त्याला तिथं दोन वर्षं राहू दे. बेंचच नसेल, तर मला पुन्हा लिहा. जागा बदलायचं मग बोलू.