गावची शाळा, गाडीची शाळा

प्रश्न : आमच्या गावात सकाळी वडूजच्या इंग्रजी शाळांच्या गाड्या येतात. झेडपीच्या शाळेचा पट ६४ वरून ५८ वर आला आणि एक गुरुजी कमी झाले. स्पर्धा लागली की झेडपीची शाळाही सुधारेल, असे काही जण म्हणतात. ते खरे मानावे का? — एक पालक, खटाव तालुका

उत्तर : तुमच्या दोन आकड्यांतच सगळे आले. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी ६० पटापर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३ आणि ९१ ते १२० ला ४ असे कोष्टक आहे. सहा मुले गाडीत बसली की संच मान्यतेत, म्हणजे पटानुसार शिक्षकांची पदे ठरतात तेव्हा, एक पद धोक्यात येते. राहिलेल्या ५८ जणांच्या पाच इयत्ता दोघांवर पडतात. त्यातले एक गुरुजी केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, बैठकीला गेले, की त्या दिवशी पाचही वर्ग एकाच खोलीत. हे पाहून सातवे मूलही गाडीत बसते.

गिऱ्हाईक तुटले तर दुकानदार माल बदलतो, भाव उतरवतो. मुख्याध्यापकांच्या हाती यातले काय आहे? नेमणूक, बदली, निधी सगळे वरून येते. हरणाऱ्याने सुधारायचे कशाने, तर नेमके तेच त्याच्याकडून काढून घेतले जाते.

आता गाडीत कोण बसते ते पाहा. फी आणि गाडीभाडे दर महिन्याला झेपते ते नोकरदार, बागायतदार, दुकानदार यांची मुले. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, आणि गुरुजी का नाहीत म्हणून पंचायत समितीत जाऊन विचारणारे बहुतेक याच घरांतले. मूल गेले की त्यांचे विचारणेही थांबते. मागे शेतमजुरांची मुले राहतात. मग चाचणीची सरासरी घसरते आणि गाव म्हणते, गुरुजी शिकवत नाहीत. शिकवणे होते तसेच असते, फक्त वर्गातली मुले बदललेली असतात.

चिली देशाने १९८१ पासून मुलामागे अनुदान फिरते ठेवले. मूल जाईल त्या शाळेला पैसा, शाळा खासगी असली तरी. पुढे अशा शाळांना वर फी घ्यायची मोकळीक मिळाली. ऐपतवाले एकीकडे आणि गरीब दुसरीकडे असे झाले. अखेर २०१५ मध्ये कायदा करून अनुदानित शाळांतली मुलांची निवड, वरची फी आणि नफा बंद करण्याचे ठरले. आपल्याकडे तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खेड्यांत २००८ पासून सोडतीने काही मुलांना खासगी शाळेची फी देण्याचा प्रयोग झाला. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात ती मुले सरकारी शाळेतल्यांच्या पुढे नव्हती, हिंदीत मात्र होती. खासगी शाळांचा दर मुलामागचा खर्च सरकारीच्या एक तृतीयांशाहूनही कमी होता, हेही खरे. खासगी शाळा वाईटच असतात असे आमचे म्हणणे नाही. त्यांच्या स्पर्धेने गावची शाळा आपोआप सुधारते, हे मात्र पटत नाही.

करण्यासारखे एक काम आहे. संच मान्यतेसाठी ३० सप्टेंबरचा पट महत्त्वाचा. आधारवरचे नाव, जन्मतारीख आणि शाळेतली नोंद जुळत नसेल, तर मूल रोज वर्गात बसत असूनही मोजणीतून सुटू शकते. ऑगस्टमध्येच समितीने मुख्याध्यापकांकडून न जुळणाऱ्या नावांची यादी मागावी आणि त्या पालकांना आधार केंद्रावर न्यावे. ६१ च्या आसपास पट असलेल्या शाळेत दोन-तीन नावांनी पद टिकते किंवा जाते.

प्रश्न : शिक्षण हक्क कायद्याने खासगी शाळांत दुर्बल आणि मागास घटकांसाठी राखलेल्या पंचवीस टक्के जागांतून मुलीसाठी अर्ज केला होता. सोडतीत नंबर लागला, पण पडताळणीत बाद झाला. चूक कुठे होते? — एक आई, कुपवाड

उत्तर : बहुतेक वेळा नकाशात. अर्ज भरताना घराचे ठिकाण नकाशावर दाखवावे लागते. कॅफेवाला घाईत चौकाचे ठिकाण टाकतो आणि घरापासून शाळेचे अंतर चुकते. अर्ज पक्का केल्यावर ते बदलता येत नाही, म्हणून त्याआधी खूण नेमकी आपल्याच घरावर आहे ना ते स्वतः पाहा. दुसरी अडचण भाडेकरूंची. साधा भाडेकरार चालत नाही, नोंदणी केलेला लागतो. तिसरी दाखल्यांची : मागास प्रवर्गातून अर्ज असेल तर जातीचा दाखला लागतो, उत्पन्नाची अट नाही. आर्थिक दुर्बल घटकातून असेल तर तहसीलदारांचा १ लाख रुपयांच्या आतला उत्पन्न दाखला हवा. एका मुलासाठी दोन अर्ज कधीच भरू नका. मोबाइलवरच्या संदेशाची वाट पाहत बसू नका, अर्ज क्रमांक टाकून संकेतस्थळावर स्वतः पाहा.

कागद, नकाशा, मुदत हे सगळे ज्याला जमते त्यालाच ही जागा मिळते. रोजंदारी बुडवून तीन कचेऱ्या फिरणाऱ्या बाईसाठी ठेवलेली जागा अनेकदा तिच्याहून बऱ्या स्थितीतल्या घराकडे जाते. फेब्रुवारी २०२४ मध्ये तर शासनाने, १ किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला या जागांतून सूट, असा नियम केला होता. तो टिकला असता तर शहरातल्या बहुतेक खासगी शाळा सुटल्या असत्या. मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये तो रद्द केला.

आठवीनंतरचाही विचार आजच करा. मोफत शिक्षण आठवीपर्यंतच आहे. नववीला त्याच शाळेची पूर्ण फी समोर येते.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. शाळा म्हणते, दाखला काढून घ्या आणि दहावीला १७ नंबरचा, म्हणजे शाळेत न जाता खासगीरीत्या परीक्षेला बसण्याचा, फॉर्म भरा. भरावा का? — एक पालक, तासगाव

उत्तर : त्यात शाळेचा फायदा आहे, मुलाचा नाही. फाटकावरच्या १०० टक्के निकालाच्या फलकात खासगी बसलेले मूल मोजले जात नाही. तुमच्या मुलाची मात्र रोजची शाळा जाते, आणि शिकवणीला पैसे नसतील तर अभ्यासही जातो. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी पालकाचा अर्ज लागतो. तो देऊ नका. शाळेचे म्हणणे लेखी मागा. लेखी दिलेच, तर त्याची प्रत जोडून जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे अर्ज करा आणि पोच घ्या.