गाळ, अंडी आणि दरवर्षीचे तेच प्रश्न

पाऊस लागला की माझ्याकडे गोव्यातल्या नद्या-ओहोळांतला गाळ आणि माशांची अंडी यांचेच प्रश्न येतात, म्हणून यावेळी चार एकत्र घेतोय.

चोणक माशाची अंडी नदीच्या गाळात पुरून मरतात का? (दिवाडी)
नाही. चोणक नदीच्या मुखाकडे खाऱ्या पाण्यात अंडी सोडतो, ती तरंगतात.

खांडेपार नदीचं पाणी पावसात लालच असतं, मासे तरी मिळतातच. मग गाळाने अंडी मरतात हे उगाच घाबरवणं नाही का? (उसगाव)
हे मला बाजारात, लग्नात, सगळीकडे ऐकवतात. अहो, मोठा मासा बाजूला सरकतो, अंडं कुठे जाणार? काळुंदर माशाची जोडी अंडी दगडाला नाहीतर मुळाला चिकटवते आणि तीन-चार दिवस, पिल्लं बाहेर पडेपर्यंत, परांनी पाणी हलवत राहते. त्याने थोडा गाळ उडतो, पण डंपवरून, म्हणजे खाणीच्या टाकाऊ मातीच्या ढिगाऱ्यावरून, किंवा डोंगर कापलेल्या साइटवरून मैद्यासारखा बारीक गाळ येतच राहिला तर अंड्याला ऑक्सिजन मिळत नाही, मेलेलं अंडं पांढरं पडतं, त्याला बुरशी धरते आणि ती शेजारच्या अंड्यांवरही जाते. वाचलेल्या पिल्लांचा पोटातला साठा संपला की बघून खावं लागतं, गढुळात खाणं दिसेना झालं की उपाशी. 2012 आणि 2018 मध्ये गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हाही डंप तिथेच होते, पाऊस काही कोर्टाची ऑर्डर बघत नाही. आता लाल पाणी म्हणजे विष असंही पसरवू नका, थोड्या गढुळात पिल्लं शत्रूपासून लपतात. किती गाळ, किती दिवस आणि तळाला किती बसला ते महत्त्वाचं. पाऊस उघडून आठवडा झाला तरी दगडावर बोट फिरवल्यावर लाल चिकट थर येत असेल तर पाण्याचा नमुना घेऊन मत्स्योद्योग खात्यात जा. आज जाळ्यात येतोय तो मासा मागच्या वर्षांच्या अंड्यांतला, त्याच्यावर भरवसा ठेवू नका.

खाजनातल्या (खाडीकाठच्या बांध घातलेल्या जमिनीतल्या) तळ्यात काळुंदराची अंडी आहेत, दुकानदार पाणी निवळायची पावडर देतोय. टाकू? (चोडण)
नको. आत काय आहे ते तरी पाकिटावर धड लिहिलंय का? तुरटी असली तर पाणी आम्ल होतं आणि खाली बसणारा गाळ बसतो अंड्यांवरच. आधी मानशीतून, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारातून, गढूळ पाणी आत येतंय का बघा, पीएच तपासा आणि जुने गोव्याच्या आयसीएआर या सरकारी शेती संशोधन संस्थेत विचारा. दुकानदाराला नको.

ओहोळातला गाळ जूनमध्ये काढला तर चालेल? (डिचोली)
एप्रिलमध्ये काय करत होता? पहिल्या पावसात चढणीचे मासे अंडी भरून वर येतात, त्यात जेसीबी घालायचा? पंचायतीचं पत्र असलं तरी आधी मत्स्योद्योग खात्याला विचारा. पाणी घरात शिरत असेल तर गोष्ट वेगळी, मग लगेच जलस्रोत खात्याला फोन लावा.