दारात चपला होत्या, आई नव्हती

प्रश्न : ताई, आम्ही सोलापूरचे, चार पिढ्यांचे ख्रिस्ती. यजमान चादरीच्या कारखान्यात आहेत. वर्षभरापासून ते मोबाईलवर शेवटच्या काळाची प्रवचनं ऐकतात. म्हणतात, प्रभू येशू आता कधीही परत येईल, मग मुलीची फी आणि विम्याचा हप्ता भरून काय करायचंय? नोकरीही सोडायचं त्यांच्या मनात आहे. परवा नऊ वर्षांची लेक शाळेतून आली तेव्हा मी अनवाणीच गच्चीवर कपडे काढायला गेले होते. दारात माझ्या चपला, गॅसवर वरण, आणि मी कुठेच नाही. प्रभूने आईला वर उचलून नेलं, आपण मागे राहिलो, असं वाटून ती ऊर फुटेस्तोवर रडली. आता रात्री उठून आमच्या नाकाशी हात धरून बघते. मी बोलले तर माझाच विश्वास कच्चा ठरतो.

उत्तर : प्रिय भगिनी,

तुमच्या लेकीचा तो नाकाशी धरलेला हात काही केल्या डोळ्यांसमोरून हलत नाही. तिच्यापासूनच सुरुवात करते.

विश्वासणारे ढगांत उचलले जातील, या ज्या वचनाची तिला भीती बसली आहे, ते बायबलमध्ये, प्रेषित पौलाने थेस्सलनीका शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात आहे. पौलाने ते लिहिलं दुःखात असलेल्या माणसांना. त्यांची काही माणसं वारली होती आणि प्रभू येईल तेव्हा ती मुकतील की काय, हा त्यांना घोर लागला होता. पौल म्हणतो, मेलेले आधी उठतील, मग आपण सगळे त्यांच्याबरोबर असू. अध्यायाचा शेवट काय, तर या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. सांत्वन! घरातल्या माणसांची ताटातूट होणार नाही हे सांगायला लिहिलेल्या ओळींनी एक लेकरू रात्र रात्र जागतंय, याचा मला फार त्रास होतो.

प्रभू पुन्हा येईल आणि जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करील, हे जवळपास सगळ्या ख्रिस्ती मंडळ्या मानतात, मीही मानते. पण विश्वासणारे आधी गुपचूप उचलले जातील आणि मग बाकीच्यांवर सात वर्षांचं संकट येईल, ही मांडणी १८३० च्या सुमारास डार्बी नावाच्या उपदेशकामुळे पसरली. कॅथलिक आणि पुष्कळ प्रॉटेस्टंट मंडळ्या ती मानत नाहीत. म्हणजे ती न पटणं म्हणजे विश्वास कच्चा असणं नव्हे. तारखा काढणाऱ्यांचं काय झालं तेही यजमानांना सांगा. अमेरिकेत विल्यम मिलरचे अनुयायी २२ ऑक्टोबर १८४४ ला वाट बघत बसले. काहींनी तर शेतातलं पीकही काढलं नव्हतं. तो दिवस सरला. २०११ मध्ये हॅरोल्ड कॅम्पिंग यांनी सांगितलेली २१ मेही तशीच गेली. मत्तयाच्या शुभवर्तमानात (२४:३६) प्रभू स्वतः सांगतो की तो दिवस आणि ती घटका पित्याशिवाय कोणालाच ठाऊक नाही.

नोकरीचं म्हणाल, तर थेस्सलनीकातही काहीजण काम सोडून बसले होते. दुसऱ्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात पौल त्यांना चांगलंच खडसावतो : काम करायचं नसेल तर खाऊही नका. यजमानांशी वाद घालू नका, रात्री तर मुळीच नको. ‘ही दोन्ही पत्रं आपण दोघं मिळून सलग वाचू’ एवढंच म्हणा. नंतर मत्तयाचा २५ वा अध्याय घ्या. तिथे न्यायाच्या दिवशी राजा कोणाला तारखेचा हिशेब विचारत नाही. भुकेल्याला खायला दिलंत का, उघड्याला पांघरूण दिलंत का, हे विचारतो. चादरी विणणाऱ्या माणसाला ते वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

तरीही ते हटून बसले तर तुमच्या पाळकांना घरी बोलवा. फी आणि हप्ता मात्र या महिन्यातच भरा, आणि घाईने पीएफ काढू नका, असं त्यांना सांगा. त्यांची झोप उडाली असेल, कानात आवाज येतात असं म्हणत असतील, तर सिव्हिलला मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा. प्रार्थना आणि औषध यांचं काही वैर नाही.

लेकीसमोर ती प्रवचनं लावायची नाहीत, हे यजमानांना शांतपणे पण ठाम सांगा. महिनाभर तिला कुशीत घेऊन झोपा. ती नाकाशी हात आणेल तेव्हा रागावू नका, हात धरून म्हणा, ‘आहे गं मी.’ महिन्याभरात फरक पडला नाही तर तिलाही डॉक्टरांकडे न्या. आणि गच्चीवर जाताना शेजारच्या काकूंना सांगून जा. तिची शाळा सुटायच्या वेळेला तर जिन्यातूनच हाक मारा, ‘वर आहे गं बाळा, कपडे काढतेय, ये वर.’