ज्युरीचे गुण जुळत नाहीत

प्रश्न : पणजीतल्या कला महाविद्यालयात मी नुकतीच विभागप्रमुख झाले. अंतिम ज्युरीत, म्हणजे परीक्षक मिळून विद्यार्थ्यांची कामे पाहून गुण देतात तेव्हा, एकाच कामाला एक परीक्षक ८० गुण देतो, दुसरा ५०. काय करावे?

उत्तर : ज्युरीच्या आठवडाभर आधी मागच्या वर्षीची पाच कामे मांडा. परीक्षकांनी न बोलता लेखी गुण द्यावेत, मगच चर्चा. तोंडी आकडा आधी आला की कनिष्ठ परीक्षक ज्येष्ठांमागे जातात आणि खरा मतभेद दडून राहतो. गुणांची फोड ठरवा: कल्पना ३०, प्रक्रिया ३५, कारागिरी २५, मांडणी १०. स्केचबुक न उघडता प्रक्रियेचे गुण देणे हा विद्यार्थ्यावर सरळ अन्याय आहे. फरक १५ हून जास्त असेल तर सरासरी काढू नका. विद्यापीठाचे नियम पाहून तिसरा परीक्षक बोलवा. आणि हो, मे महिन्यातल्या दमट हवेने कागद वाकतो, त्याचे गुण कापू नयेत.