कोऱ्या पानावरची सही आणि वाडीची शाळा

प्रश्न : आमच्या वाडीत जिल्हा परिषदेची पहिली ते चौथीची शाळा आहे. पट 13, शिक्षक दोन. मी शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष आहे, माझा मुलगा चौथीत आहे. ऑगस्टच्या मीटिंगला पाऊस फार होता, आम्ही चौघीच आलो. मुख्याध्यापक म्हणाले, "वहिनी, सह्या करून जा, प्रोसिडिंग मी मागाहून लिहितो." नेहमी तसंच चालतं, म्हणून केल्या. आता गटशिक्षणाधिकारी कार्यालयाचं पत्र आलंय की समितीच्या ठरावानुसार जूनपासून आमची शाळा गावातल्या मोठ्या शाळेत समायोजित होणार. ती अडीच किलोमीटरवर आहे आणि मध्ये पऱ्या, म्हणजे ओढा, लागतो. असा ठराव आम्ही केलेलाच नाही. गुरुजी म्हणतात, सही तुमचीच आहे, आता बोलून उपयोग नाही, सगळ्यांचे दाखल्याचे अर्ज आणून द्या. वाडीत लोक मला बोल लावतात. माझ्यावर केस होईल का? शाळा वाचेल का?
— एक आई, दक्षिण कोकण

उत्तर : ताई, बाकी सगळं नंतर. आज संध्याकाळी वाडीत फिरा आणि घरोघरी सांगा की दाखल्याच्या अर्जावर कुणी सही करायची नाही. तुमच्या पत्रात मला ठरावापेक्षा हेच जास्त खटकलं. 13 पालकांनी "माझ्या पाल्यास शाळा सोडल्याचा दाखला मिळावा" असं आपल्या हातानं लिहून दिलं की पट शून्य होतो, आणि शून्य पटाची शाळा बंद करायला कुणाच्या ठरावाची गरजच उरत नाही. मग तो ठराव खरा की खोटा हे विचारायलाही कोणी येणार नाही. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 5 दुसऱ्या शाळेत जाण्याचा हक्क मुलाला देतं, मुलाला घालवून देण्याचा हक्क शाळेला नाही. ज्यांनी अर्ज दिलेत, त्यांनी "अर्ज मागे घेत आहे" एवढं एका ओळीत लिहून पोच घ्यावी.

आता तुमची सही. कोऱ्या पानावर सही करणं हा निष्काळजीपणा आहे, गुन्हा नाही. त्यासाठी तुमच्यावर केस होत नाही. गुन्हा झालाच असेल तर तो सहीच्या वर मागाहून मजकूर भरणाऱ्याचा. भारतीय न्याय संहितेच्या कलम 335 मध्ये खोट्या दस्तऐवजाची उदाहरणं दिली आहेत. त्यातलं एक असं : सही केलेला पण रक्कम न भरलेला चेक कुणाच्या हाती लागतो आणि तो कपटानं त्यावर आकडा टाकतो. तुमच्या प्रोसिडिंगचं पान त्या चेकच्याच जातीचं. तरी लगेच पोलीस ठाण्याची पायरी चढू नका. "कपटानं" हा शब्द शाबीत करावा लागतो, त्याला वर्षं जातात आणि तुम्हाला शाळा जूनमध्ये हवी आहे. शिवाय भांडण एकदा गुरुजींच्या अंगावर गेलं की शाळेचा विषय बाजूला पडतो आणि वाडीत दोन तट पडतात. असे दोन तट पडलेले मी पाहिलेत. तुमच्या गुरुजींना कदाचित वरून "ठराव पाठवा" म्हणून सांगणं आलं असेल. 20 पेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचे प्रस्ताव राज्यानं 2023 मध्ये जिल्ह्यांकडून मागवले होते, पानशेत आणि तोरणमाळ इथल्या समूह शाळांची उदाहरणं देऊन. अशा वेळी खालच्या माणसाला सगळ्यात सोपा कागद म्हणजे समितीची संमती. हे मी त्यांची बाजू घेऊन म्हणत नाही. दावा कुणाविरुद्ध मांडायचा ते ठरवताना हे लक्षात ठेवावं लागतं.

मुळात समितीला शाळा बंद करण्याचा अधिकार तरी आहे का? नाही. शिक्षण हक्क कायदा, 2009, कलम 21 : शाळेच्या कामावर देखरेख, शाळा विकास आराखडा तयार करणं, आलेल्या अनुदानाच्या खर्चावर लक्ष, आणि नियमांनी सोपवलेली अशीच इतर कामं. त्यात शाळा बंद करणं कुठेच नाही. म्हणजे ठराव अगदी रीतसर झाला असता, सगळे हजर असते, हात वर करून झाला असता, तरी तो फार तर समितीचं मत ठरला असता. शेजारात शाळा उपलब्ध ठेवण्याची जबाबदारी कलम 6 आणि 9 नं शासनावर आणि स्थानिक प्राधिकरणावर, म्हणजे तुमच्या बाबतीत जिल्हा परिषदेवर, टाकली आहे. त्या जबाबदारीतून चार आयांच्या सह्यांनी तिची सुटका होत नाही.

"सही तुमचीच आहे" याला तर सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्येच उत्तर देऊन ठेवलंय, आणि तेही आपल्या मुंबईच्या फुटपाथवरच्या माणसांच्या खटल्यात. ओल्गा टेलिस खटला. त्यात झोपडीवाल्यांच्या वतीनं आधी उच्च न्यायालयात कबूल केलं गेलं होतं की फुटपाथवर झोपड्या बांधण्याचा मूलभूत हक्क आम्ही सांगत नाही. महापालिका म्हणाली, आता शब्द फिरवता येणार नाही. सर्वोच्च न्यायालय म्हणालं, मूलभूत हक्क असा बोलण्यातून सोडून देता येत नाही, संविधानाविरुद्ध अशी अडवणूक चालत नाही. झोपड्या पुढे हटवल्या गेल्या, हेही सांगायला हवं, पण हा मुद्दा टिकला. 6 ते 14 वर्षांच्या मुलांचं शिक्षण अनुच्छेद 21-अ नुसार मूलभूत हक्क आहे, आणि तो तुमच्या मुलांचा आहे. तो तुम्हालासुद्धा सोडून देता येत नाही, मग सहीचं काय घेऊन बसलात.

हे झालं तुमच्या बाजूचं बळ. कच्ची बाजू पटाची आहे. शिक्षण हक्क कायद्याखालच्या राज्याच्या 2011 च्या नियमांत पहिली ते पाचवीची शाळा 1 किलोमीटरच्या आत हवी असं आहे, पण त्याच वाक्यात 6 ते 11 वर्षांची, त्या शाळेत यायला तयार अशी किमान 20 मुलं हवीत असंही आहे. जिल्हा परिषद हेच वाक्य पुढे करणार. दोन गोष्टी करा. नियम वस्तीतल्या मुलांबद्दल बोलतो, आजच्या हजेरीपटाबद्दल नाही. म्हणून वाडीतली त्या वयाची सगळी मुलं घरवार लिहून काढा : पिवळ्या गाडीत बसून तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जाणारी, मामाकडे ठेवलेली, शेजारच्या धनगरवाड्यावरची, सगळी. त्यातल्या किती जणांचे पालक "शाळा नीट चालली तर मूल इथे घालू" असं लिहून देतात ते बघा. (त्यातले दोघे-तिघे शाळा वाचवा म्हणून सगळ्यात मोठ्यानं ओरडत असतील, त्यांच्याकडे आधी जा.) दुसरं, पऱ्या. पूर, दरड, रस्ता नसणं अशा ठिकाणी लहान मुलांना वाटेत धोका होणार नाही अशाच जागी शाळा हवी, हेही नियमांतच आहे, आणि तुमचा खटला खरा इथे उभा राहतो. अडीच किलोमीटर हे अंतर कागदावर कुणी मोजलं, रस्त्यानं की पायवाटेनं? साकव, म्हणजे छोटा पूल, आहे का, की पावसात दोर धरून उतरता? गेल्या जुलैचे फोटो कुणाच्या तरी मोबाइलमध्ये असतील. तारखेसकट जपून ठेवा.

आता ते पान. तुम्ही अध्यक्ष आहात, वही तुमच्या समितीची आहे. ती बघायला अर्ज लागत नाही. शाळेत जा, बसा आणि निवांत वाचा. आधी मजकूर लिहून मग सह्या झाल्या असतील तर सह्या मजकूर संपतो तिथे येतात. आधी सह्या झाल्या असतील तर मजकूर त्यांना गाठायला बघतो : वरच्या ओळी सैल, खाली येताना दाटीवाटी, शेवटची ओळ कुणाच्या तरी सहीला वळसा घालून गेलेली. आधीच्या आणि पुढच्या ठरावांचे नंबर सलग आहेत का? सूचक-अनुमोदक म्हणून कुणाची नावं आहेत, आणि त्या बायका त्या दिवशी खरंच आल्या होत्या का? अजेंड्याच्या नोटिशीत समायोजनाचा विषय होता का? 2010 च्या शासन निर्णयाप्रमाणे समिती 12 ते 16 जणांची असते. त्यात चारच सह्या असतील तर तेवढंही बोलकं आहे. आणि शाळा विकास आराखडा काढून बघा. त्याच वर्षी तुमच्या समितीनं छपराची दुरुस्ती नाहीतर मुलींसाठी स्वच्छतागृह मागितलं असेल, तर तीच समिती शाळा बंद करा म्हणते हे कुणाला पटेल?

वही दाखवत नसतील तर माहितीचा अधिकार आहेच. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट, अर्ज एकाच विषयाचा, दीडशे शब्दांच्या आत. एक अर्ज शाळेकडे : ऑगस्टच्या सभेची नोटीस, हजेरी आणि इतिवृत्ताची प्रमाणित प्रत. दुसरा गटशिक्षणाधिकारी कार्यालयाकडे : समायोजनाचा प्रस्ताव, अंतराचा दाखला आणि त्या फाइलवरच्या टिपण्या. 30 दिवसांत उत्तर आलं नाही तर पहिलं अपील. दुसरा अर्ज विसरू नका. ठराव आधी आला की प्रस्ताव आधी झाला, हे त्या फाइलच्या तारखा सांगतील.

उत्तराची वाट बघत मात्र बसू नका. सह्या केलेल्या चौघींनी हरकतीचं पत्र या आठवड्यात द्यायचं. भाषा साधी ठेवा, अशी :

"ऑगस्ट महिन्याच्या सभेत शाळा समायोजनाचा विषय निघाला नाही, त्यावर चर्चा झाली नाही व मत घेतले गेले नाही. सभेनंतर इतिवृत्ताच्या कोऱ्या पानावर आमच्या सह्या घेण्यात आल्या. त्या पानावर नंतर लिहिलेला ठराव आम्हाला मान्य नाही. सदर ठरावाच्या आधारे पुढील कार्यवाही करू नये."

बनावट, फसवणूक, कारस्थान असले शब्द नकोत. जे घडलं तेवढंच. चौघींच्या सह्या, तारीख, गटशिक्षणाधिकारी आणि जिल्हा परिषदेचे शिक्षणाधिकारी (प्राथमिक) या दोघांना, आवक नंबरसह पोच. पोच देत नसतील तर स्पीड पोस्ट. मग समितीची सभा बोलवा आणि समायोजनाला विरोधाचा नवा ठराव घ्या, या वेळी तुमच्यासमोर शेवटचा पूर्णविराम पडल्यावर सह्या. सचिव म्हणून मुख्याध्यापक लिहायला तयार नसतील तर साध्या कागदावर लिहून हजर सदस्यांच्या सह्यांनिशी पाठवा. 26 जानेवारीच्या ग्रामसभेतही विषय घ्या. ग्रामसभेचा ठराव जिल्हा परिषदेवर बंधनकारक नसतो, पण फाइलमध्ये लागतो आणि पुढे कोर्टात वाचला जातो.

यानंतर शिक्षण हक्क कायद्याचं कलम 32. मुलाच्या हक्काबद्दलची लेखी तक्रार स्थानिक प्राधिकरणाकडे करायची, आणि दोन्ही बाजू ऐकून तीन महिन्यांत तिचा निकाल द्यायचा असं कायदा सांगतो. जानेवारीत दिलीत तर एप्रिलपर्यंत निकाल यायला हवा, शाळा जूनमध्ये. निकाल विरुद्ध गेला तर महाराष्ट्र राज्य बालहक्क संरक्षण आयोगाकडे अपील. हे करून ठेवल्याशिवाय थेट उच्च न्यायालयात रिट याचिका केलीत तर "आधी तिकडे का गेला नाहीत" हा पहिला प्रश्न येतो. मे महिन्यात हालचाल दिसली नाही तर उच्च न्यायालय. त्यासाठी आता मुंबई गाठावी लागत नाही. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला सर्किट बेंच सुरू झालंय आणि रत्नागिरी, सिंधुदुर्ग त्यात येतात. वकिलाच्या खर्चाची काळजी असेल तर तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करा. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम 12 तसंच आहे. कोर्ट नक्की स्थगिती देईल असं मी लिहून देणार नाही. 13 मुलांची शाळा हा प्रशासनाच्या धोरणाचा विषय आहे असंही एखादं न्यायालय म्हणू शकतं. म्हणून याचिकेत पर्यायी मागणी ठेवा : समायोजन झालंच तर पावसाळ्याआधी पक्का साकव, आणि मुलांना ने-आण करायला मोफत गाडी. तीही लेखी, कुणाच्या तोंडी शब्दावर नको.

तुमच्या लक्षात आलं नसेल असं एक. तुमचा मुलगा चौथीत आहे. जूनमध्ये तो पाचवीला दुसरीकडे जाईल, तेव्हा त्याचा दाखला तुम्ही रीतसर घ्याल, त्यात गैर काही नाही. पण तुम्ही मग या शाळेच्या पालक राहणार नाही, समितीतही नाही. म्हणून तक्रारीवर पहिलं नाव पहिली-दुसरीतल्या एखाद्या मुलीच्या आईचं घाला, तुमचं दुसरं. लोक तुम्हाला बोल लावतायत त्यावरही हाच उपाय : हरकतीचं पत्र वाडीच्या बैठकीत मोठ्यानं वाचून दाखवा आणि पहिली सही तुमची करा.

आणि जे तुम्ही विचारलं नाहीत ते मी विचारते. समितीच्या बँक खात्यावर अध्यक्ष आणि मुख्याध्यापक अशा दोघांच्या सह्या लागतात. प्रोसिडिंगवर जशा आधी सह्या करून दिल्यात तशा चेकवरही दिल्यात का? ठरावाच्या पानामुळे तुमच्यावर काही येत नाही असं मी वर म्हटलं, पैशाचं तसं नाही, तिथे अध्यक्षाला हिशेब द्यावा लागतो. चेकबुक कुणाकडे आहे ते बघा, सही केलेले कोरे चेक असतील तर परत घेऊन रद्द करा, आणि गेल्या दोन वर्षांचं पासबुक भरून आणा. त्यात काही वावगं दिसलं तर मला पुन्हा लिहा, पण आधी फोटो काढून ठेवा.